गावातलं काम कोणत्या पैशातून मागावं: वित्त आयोग, स्वनिधी की पेसा?

ग्रामसभेत कुणी गटारीचा विषय काढला की 'निधी आला नाही' असं उत्तर मिळतं आणि माणसं गप्प बसतात. पण कोणता निधी, हे विचारलंच पाहिजे. गावाच्या बजेटमध्ये पैसा दोन-तीन वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेचे नियम वेगळे असतात.

मोठी रक्कम केंद्राच्या वित्त आयोगाची. 15व्या आयोगाच्या 2021 ते 2026 या काळात त्यातला 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा होता: निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला 40 टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार किंवा कार्यालयाचा खर्च करता येत नव्हता. (16व्या आयोगाचा काळ 2026 ते 2031 आहे, त्याच्या अटी ग्रामसेवकाकडून (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) नीट वाचून घ्या.) पाइपलाइन, टाकी, भुयारी गटार अशी दांडगी कामं यातून होतात. पण काम आधी 'आमचा गाव, आमचा विकास' आराखड्यात असावं लागतं. मग इस्टिमेट, मंजुरी, आणि बिलावर सरपंच व ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सह्या. हिशेब ऑनलाइन चढवलेले नसतील किंवा गावावर निवडून आलेल्या सरपंचाऐवजी प्रशासक असेल, तर हप्ता अडकू शकतो.

स्वनिधी म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, आठवडे बाजाराचा लिलाव. रक्कम लहान, पण ती गावाच्या हातातली. तापीकाठच्या आमच्या गावात एका मे महिन्यात विहिरीवरची मोटार जळाली. वित्त आयोगाच्या खात्यात पैसे होते, पण दुरुस्ती आराखड्यात नव्हती. बाया सकाळी सहापासून हंडे घेऊन केळीच्या मळ्यातल्या बोअरवर रांगेत उभ्या असायच्या. शेवटी मार्चमध्ये वसूल झालेल्या पाणीपट्टीतून मोटार भरून आणली, तेव्हा कुठे नळाला पाणी आलं. त्या दिवसापासून मी घरपट्टी थकवणाऱ्याशी वाद घालतो. स्वनिधीतून मागासवर्गीयांसाठी 15, महिला-बालकल्याणासाठी 10 आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के खर्च करावाच लागतो. वसुलीच नसेल तर त्यांचा वाटाही बुडतो, हे मला फार लागतं.

तुमचं गाव धडगाव, अक्कलकुव्यात किंवा चोपडा, यावल, रावेरच्या सातपुड्याकडच्या पट्ट्यात अनुसूचित (आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या) क्षेत्रात असेल, तर तिसरी वाट आहे. पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा. आदिवासी उपयोजनेच्या, म्हणजे आदिवासींसाठी राज्य वेगळा ठेवतं त्या पैशाच्या, 5 टक्के रकमेचा पेसा निधी थेट ग्रामपंचायतीकडे येतो आणि तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. माझ्या मते तिन्हींत गावाला सगळ्यात जास्त अधिकार इथेच मिळतो. वन व जलसंधारणाची कामं यात बसतात, तरी पेव्हर ब्लॉकच आधी सुचतात, हे थांबायला हवं.

तेव्हा नवी पाणी योजना किंवा गटार हवी असेल, तर वित्त आयोग धरा आणि आराखडा ठरतानाच नाव घाला, नंतर धावपळ करून उपयोग नाही. दुरुस्ती, पथदिवे, अंगणवाडीचं मोडकं दार अशा कामांसाठी स्वनिधी. बंधारा, जंगल राखणं यासाठी पेसा.

26 जानेवारीच्या ग्रामसभेला जाताना नमुना 1 म्हणजे अंदाजपत्रकाची प्रत मागा आणि जमेच्या बाजूला मागच्या वर्षाची घरपट्टी किती वसूल झाली तो आकडा आधी बघा.