रुगर स्टँडर्ड: जुन्या .22 पिस्तुलासोबत आठ महिने

मी मूळचा चिंचवडचा, प्रेस टूलच्या धंद्यातला. पत्र्याचा तुकडा हातात आला की आधी त्यावरून अंगठा फिरवून बर, म्हणजे कापताना राहिलेली खरखरीत कड, शोधायची, ही खोड ओहायोत येऊनही गेली नाही. मार्चमध्ये इथल्या एका दुकानात 1970 च्या दशकातलं रुगर स्टँडर्ड हातात घेतलं तेव्हाही तेच केलं. मूठ म्हणजे पत्र्याचे दोन अर्धे भाग, प्रेसवर काढून वेल्डिंगनं जोडलेले. सांधा इतका घासूनपुसून घेतलाय की माहीत नसेल तर कळणारही नाही. मला कळला, आणि तिथेच मी फसलो.

या पिस्तुलाची खरी गोष्ट नेमबाजीची नाही, कारखान्याची आहे. 1945 मध्ये या पिस्तुलाचे जनक बिल रुगर यांनी युद्धावरून परतलेल्या एका अमेरिकन मरीन सैनिकाकडून छोटं जपानी नांबू पिस्तूल घेतलं आणि गॅरेजमध्ये त्याच्या दोन नकला करून पाहिल्या. त्या बाजारात आणल्या नाहीत, पण नळकांड्यात मागेपुढे सरकणारा गोल बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा भाग) डोक्यात राहिला. भागीदार अलेक्झांडर स्टर्म यांनी 50,000 डॉलर घातले आणि 1949 मध्ये कनेक्टिकटच्या साउथपोर्टमधून हे पिस्तूल बाजारात आलं. किंमत 37.50 डॉलर. समोर कोल्ट कंपनीचं वुड्समन पिस्तूल होतं, देखणं पण पोलाद कोरून कोरून बनवलेलं, म्हणून महाग. रुगर यांनी मिलिंगचं काम प्रेसवर ढकललं, पट्टीच्या स्प्रिंगांऐवजी वायरच्या स्प्रिंगा घातल्या. डायचा, म्हणजे प्रेसच्या साच्याचा, खर्च एकदाच, पुढे नुसते ठोके. आमच्या शॉपमधला कुणीही हे हिशेब दोन मिनिटांत समजला असता.

आता वापराचं. वजन साधारण किलोभर, त्यामुळे .22 चा धक्का जाणवतच नाही. नळी आणि नेम धरायची साइट दोन्ही जागची हलत नाहीत, हलतो फक्त आतला बोल्ट. मूठ जुन्या जर्मन लुगर पिस्तुलासारखी तिरकी, पहिले दोन आठवडे माझ्या गोळ्या वरच लागत होत्या. मनगटाला सवय झाल्यावर 15 यार्डांवर नऊच्या नऊ बशीच्या आत येऊ लागल्या. बशी म्हणजे चहाची, जेवणाची नव्हे.

मॅगझिन नऊ गोळ्यांचं. बाजूचं बटण खाली ओढत भरायचं, शंभर गोळ्यांनंतर अंगठा बोलायला लागतो. मॅगझिन सोडायची कळ मुठीच्या तळाशी आहे, म्हणजे दुसरा हात लागतोच. शेवटची गोळी संपल्यावर बोल्ट मागे थांबत नाही, नुसतं ‘टक्’ होतं आणि शेजारच्या लेनवाला गालात हसतो. बोल्ट मागे थांबायची सोय याच पिस्तुलाच्या पुढच्या आवृत्तीत, 1982 च्या मार्क टूमध्ये आली. स्वस्तातल्या मंद गोळ्या घातल्या तेव्हा रिकामी पुंगळी अडकायची. ब्रँड बदलला, अडकणं थांबलं.

आणि सफाई! खोलायला सोपं: मुठीमागची कळ उघडा, पिन ओढा, बोल्ट बाहेर. जोडताना मात्र घोड्याच्या मागची बारीक दांडी मुख्य स्प्रिंगच्या खोबणीत बसली पाहिजे, आणि ती दिसत नाही. पहिल्या रविवारी मी बेसमेंटमध्ये दोन तास घालवले. बायको दोनदा जेवण गरम करून गेली. चूक माझीच. पिस्तूल तिरकं धरून दांडीला आपल्या वजनानं जागेवर पडू द्यायचं असतं, मी ती स्क्रूड्रायव्हरनं ढकलत होतो. बोल्ट पूर्ण मागे येत नसेल तर दांडी चुकलीच समजा, पुन्हा उघडा. आता मला चार मिनिटं लागतात. हे ज्यांना नको, त्यांनी सरळ 2016 चं मार्क फोर घ्यावं. मागचं एक बटण दाबलं की उघडतं.

मुठीवरचा गरुड स्टर्म यांनी काढलेला. ते 1951 मध्ये गेले, अगदी तरुण. त्यानंतर लाल गरुड काळा केला गेला. माझ्यावर काळाच आहे. लाल गरुडाच्या पिस्तुलांना संग्राहक जास्त पैसे मोजतात. परवा रेंजवर एका आजोबांकडे तसं एक होतं. त्यांनी ते हातात दिलं, आणि मी नेम धरायच्या आधी मुठीमागून अंगठा फिरवला.