बिडाचा तवा, कढई आणि आप्पेपात्र: उन्हाळा ते दिवाळी वापरून काय जमलं, काय फसलं

तवा ११ इंची, जाडी ५ मिलिमीटरच्या आसपास, कडेला दोन कान, वजन साधारण अडीच किलो. सोबत खोलगट कढई आणि सात खणांचं आप्पेपात्र, तिन्ही बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची (कास्ट आयर्न). रोजचा वापर गॅसवर, अधूनमधून इंडक्शनवर. निकाल आधीच सांगून टाकलेला बरा: ओतून करायच्या पदार्थांसाठी या तव्याला तोड नाही, पोळी-भाकरीसाठी तो घेऊ नये, आणि आंबट पदार्थ त्याच्या आसपास फिरकू देऊ नयेत.

घावनापासून सुरुवात करू, कारण बिडाचा तवा का घ्यायचा हे घावनातच सगळ्यात स्पष्ट दिसतं. घावनाला जाळी पडते ती वाफेमुळे. पातळ पीठ कडक तापलेल्या धातूला लागलं की तळच्या थरातल्या पाण्याची लगेच वाफ होते आणि पीठ आळायच्या आत ती वर फुटून निघते. म्हणजे पीठ पडल्यावरसुद्धा तवा गरमच राहिला पाहिजे. पातळ नॉनस्टिक तव्यावर पीठ पडलं की तापमान एकदम उतरतं आणि घावन गुळगुळीत, बिनजाळीचा होतो. तो रिकामा असताना कडक तापवावा, तर साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचं अस्तर बिघडायला लागतं. बिडाला ती धास्ती नाही. शिवाय अडीच किलो बीड पाऊण किलोच्या अॅल्युमिनियमपेक्षा जवळपास पावणेदोनपट उष्णता धरून ठेवतं.

प्रमाण असं: १ वाटी तांदळाचं पीठ, पावणेदोन ते दोन वाट्या पाणी, चवीला मीठ. पीठ ताकाइतकं पातळ हवं. अर्धा तास भिजू द्यायचं आणि प्रत्येक घावनाआधी तळापासून ढवळायचं. तांदळाचं पीठ फार लवकर खाली बसतं. ढवळलं नाही तर पहिले घावन फाटतात आणि शेवटचे जाड गिच्च होतात. जुन्या कोलमचं पीठ उत्तम. इंद्रायणीसारख्या चिकट तांदळाचे घावन मऊ होतात खरे, पण घडी घातली की एकमेकांना चिकटून बसतात.

तवा मध्यम आचेवर ७-८ मिनिटं तापवायचा. बीड उष्णता साठवतं चांगली, पसरवतं मात्र हळू. अॅल्युमिनियमच्या साधारण चौथ्या हिश्शाने. त्यामुळे मोठ्या आचेवर घाई केली तर मधे धूर निघतो आणि कडा कोमटच राहतात. शेगडीचा बर्नर लहान असेल तर तापताना दर दोन मिनिटांनी तवा थोडा फिरवून सरकवून ठेवा. पाण्याचे चार थेंब टाकून बघायचं. चर्र करून जागच्या जागी आटले तर अजून थांबायचं. गोळ्या होऊन पळायला लागले की घावनाला तवा तयार. अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा. कोकणात यासाठी वांग्याचा देठ किंवा नारळाची शेंडी घेतात, तीही तितकीच चालते. पीठ कडेकडून मधे ओतत यायचं. मधला भाग सगळ्यात जास्त तापलेला असतो. तिथे आधी ओतलं तर कडा भरेपर्यंत मधे करपतं. कुठे भोक राहिलं तर पळीने पसरवायला जाऊ नका, तिथे चमचाभर पीठ सोडा. दीड मिनिट झाकण, मग झाकण काढून अर्धा मिनिट. कडा आपणहून उचलल्या गेल्या की उलथनं घालायचं, त्याआधी नाही. न सुटलेला घावन खरवडून काढला की तव्यावर तेल तापून बसलेला थर तिथेच निघतो, आणि पुढचा घावन नेमका त्याच जागी चिकटतो.

डोशाचं गणित याच्या उलट. इथे पीठ मधे ओतून पसरवायचं असतं, त्यामुळे घावनाइतका तापलेला तवा डोशाला जास्तच होतो: पीठ लगेच आळतं आणि पळीबरोबर गोळा होऊन फिरतं. आच बारीक करून चमचाभर पाणी शिंपडायचं, कापडाने पुसायचं आणि मग डोसा घालायचा. आंबोळीला (३ वाट्या तांदूळ, १ वाटी उडीद डाळ, अर्धा चमचा मेथ्या, भिजवून वाटून रात्रभर आंबवलेलं) आच आणखी कमी. आंबोळी जाड असते आणि तिला आतून शिजायला झाकणाखाली अडीच-तीन मिनिटं लागतात. घावनाच्या आचेवर खालची बाजू तोवर काळी होते. म्हणून एकाच दिवशी तिन्ही करायचं ठरवलं तर क्रम आंबोळी, डोसा, घावन असा ठेवा. हा तवा तापवत नेणं सोपं आहे, निववणं कठीण.

निववण्यावरूनच थालीपिठाचं. पत्र्याच्या लोखंडी तव्यावर थालीपीठ थेट थापायची सवय असते: एक झालं की तवा उलटा करून नळाखाली धरायचा, की दुसरं थापायला मोकळा. बिडाच्या बाबतीत हे चुकूनही करू नका. बिडात कार्बन २ टक्क्यांहून जास्त असतो, म्हणून ते कडक पण ठिसूळ असतं. तापलेल्या अंगावर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. थालीपीठ ओल्या फडक्यावर किंवा केळीच्या पानावर थापून तव्यावर उलटं टाकायचं. १ वाटी भाजणीला पाऊण वाटी कोमट पाणी (कांदा आधी घातला असेल तर थोडं कमी), मधे आणि भोवती पाच भोकं, प्रत्येकात पाव चमचा तेल. बारीक आचेवर झाकून ४ मिनिटं, उलटून उघडं ३ मिनिटं. एवढा एकसारखा खरपूस रंग पातळ तव्यावर येत नाही.

भाकरी मात्र फसते. होत नाही असं नाही, फुगतेही छान, पण वरून फिरवलेलं पाणी आणि खाली सांडलेलं कोरडं पीठ मिळून तव्याचा थर खातात. पीठ जळून काळी भुकटी बसते, ती घासावी लागते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच तव्यावर डोसा टाकला की चिकटलाच. पोळीचंही तेच. शिवाय पोळी भाजताना आच सतत कमी-जास्त करायची असते, आणि हा तवा आच बदलल्यावर दोन मिनिटांनी ऐकतो. तोवर पोळी कडक होते. जुन्या घरांत डोशा-घावनाचा तवा वेगळा आणि भाकरीचा वेगळा असे, त्यात सोवळ्यापेक्षा हा हिशेब जास्त असावा. पुरणपोळी त्यातल्या त्यात चालते, कारण तिला बारीक, स्थिर आचच लागते. फक्त पुरण फुटून तव्याला लागलं तर ते लगेच ओल्या फडक्याने पुसा. गूळ जळून बसला की निघता निघत नाही.

आता सीझनिंग, म्हणजे तेल तापवून तव्यावर हा थर बसवणं. इंटरनेटवर जवसाच्या तेलाची फार भलामण आहे. सहा थर दिल्यावर तवा काळा चकचकीत दिसतो, पण जवसाचा थर कडक आणि ठिसूळ असतो. डोशाचं उलथनं जिथे रोज फिरतं तिथून काही आठवड्यांत पापुद्रे सुटायला लागले. नारळाच्या तेलाचा प्रयोग तर पूर्ण फसला. त्यातली जवळपास ९० टक्के चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड) असते, त्याचा थर नीट बांधलाच जात नाही, नुसता मेणचट तेलकटपणा राहतो. टिकलं ते साधं रिफाइंड सूर्यफूल किंवा सोयाबीन तेल. घाण्याचं शेंगदाणा तेलही चालतं, धूर लवकर आणि जास्त करतं एवढंच.

नवा तवा गरम पाणी आणि साबणाने एकदा नीट घासून घ्या, कारण गंज लागू नये म्हणून काही तव्यांवर मेण किंवा तेल लावलेलं असतं. मग आचेवर पूर्ण कोरडा करा. अर्धा चमचा तेल दोन्ही बाजूंना, कानांना चोळा आणि मग कोरड्या सुती कापडाने असं पुसा की जणू लावलेलं तेल चुकून लागलंय. ओव्हनमध्ये उपडा ठेवून २२० ते २३० अंशांवर एक तास, तिथेच निवू द्यायचा. हे तीन-चार वेळा. ओव्हन नसेल तर गॅसवर मध्यम आच, खिडक्या उघड्या, धूर यायचा थांबेपर्यंत. तवा चिकट झाला, बोट ओढलं की अडकतं, तर तेल जास्त झालं होतं. तेल न लावता तसाच आणखी तासभर तापवला की बहुतेक वेळा सुधारतो. साबणाची मात्र विनाकारण भीती घातली जाते. नेहमीच्या भांड्यांच्या साबणाने जमलेला थर जात नाही. खाण्याचा सोडा घालून उकळणं, डिशवॉशर आणि तारेची घासणी यांनी जातो.

कढईचा अनुभव दोन टोकांचा. झुणका, भेंडीची परतून भाजी, बटाट्याच्या काचऱ्या यांना ती फारच चांगली. झुणक्याला तळाशी जी खरवड धरते, तिच्यासाठी घरात भांडणं होतात. पण कोकम घातलेली बिरड्याची उसळ काळी झाली, तिला धातूची चव उतरली, आणि कढईत रस जिथवर होता तिथवरचा थर धुऊन निघाला. चिंच-गुळाची आमटी, टोमॅटोचं सार, कढी, सगळं याच वर्गातलं. ऑम्लेटमधला चिरलेला टोमॅटो चालतो, कारण तो तीन-चार मिनिटांत बाहेर येतो. आंबटपणा नसतानाही वांगं आणि केळफूल काळं पडतं. त्यातले टॅनिनसारखे घटक लोहाशी जुळतात. खायला हरकत नाही, दिसायला वाईट.

इथे ‘लोह मिळतं’ या जाहिरातीबद्दल. अन्नात लोह उतरतं हे खरं आहे, पण ते मुख्यतः ओल्या, आंबट आणि बराच वेळ शिजणाऱ्या पदार्थांत. चांगला थर बसलेल्या तव्यावर दोन मिनिटांत होणाऱ्या घावनात फारसं उतरत नाही. म्हणजे लोह हवं तर तव्याचा थर जाणार आणि थर हवा तर लोह कमी मिळणार. अशक्तपणाला औषध म्हणून हा तवा घेऊ नये.

मासे उत्तम होतात. बांगड्याला हळद, तिखट, मीठ, वर रवा आणि तांदळाचं पीठ २:१. तवा तापलेला, तेल दोन मोठे चमचे, आणि मासा टाकल्यावर चार मिनिटं हात लावायचा नाही. कोकम आगळ लावायचं तर मासा तव्यावर टाकण्याआधी ते नीट निथळून. वास मात्र तव्याला राहतो. जाडं मीठ आणि चमचाभर तेलाने चोळून, धुऊन, पाच मिनिटं तापवला तर बराचसा जातो, पूर्ण नाही. दुसऱ्या दिवशी गोड घावन-रस करायचा असेल तर मासे दुसऱ्या तव्यावर करा.

आप्पेपात्रात मधला खण नेहमी आधी करपतो. म्हणून पीठ बाहेरच्या खणांत आधी आणि मधे शेवटी घालायचं, काढताना मधला आधी. खण पाऊणच भरायचे. तिखट आप्प्यांना खणागणिक अर्धा चमचा तेल पुरतं. रवा-गूळ-केळ्याचे गोड आप्पे चिकटतातच. तिथे तेलाऐवजी तूप, आच अगदी बारीक, आणि उलटायची घाई नाही.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. धुतल्यावर नुसता पुसून ठेवला तर सकाळपर्यंत तांबूस डाग दिसतात. धुतल्याबरोबर दोन मिनिटं आचेवर, मग तेलाचे दोन थेंब पुसून घेणं एवढं रोज करावं लागतं. वापरात नसलेली कढई कागदात गुंडाळून ठेवली, पण तेल जास्त लावलेलं असलं की महिन्याभरात ते खवट आणि चिकट होतं. गंज चढलाच तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, जास्तीत जास्त अर्धा तास. त्याहून जास्त ठेवलं तर खालचं बीडही खाल्लं जातं. मग घासून, कोरडं करून पुन्हा सीझनिंग.

इंडक्शनवर चालतो, पण गुण निम्मे होतात. खालची कॉइल तव्यापेक्षा लहान असते, त्यामुळे मधे वीतभर तापतं आणि कडा मागे राहतात. मोठा घावन तिथे जमत नाही. सुरुवात ४०० वॉटच्या आसपास करून हळूहळू वाढवा, एकदम २००० वॉट दिल्यास मधला भाग झपाट्याने फुगतो आणि तडा जायची शक्यता असते. काचेवर तवा सरकवू नका, उचलून ठेवा.

विकत घेताना दोन कानांचा घ्या. लांब दांड्याचा तवा एका हाताने उचलला जात नाही आणि शेगडीवर कलतो. पृष्ठभाग हाताला बारीक खरखरीत लागला तर चालेल, काही महिन्यांत थर भरून तो गुळगुळीत होतो. खड्डे, फुगे दिसले तर नको. सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतो का बघा. मग एका कानाला धरून लटकता ठेवा आणि चमच्याने वाजवा: आवाज खणखणीत आणि लांबणारा हवा. बद्द वाजला तर आत तडा असू शकतो, आणि तडा गेलेलं बीड घरी दुरुस्त होत नाही. दुसरा तवा मागून घ्या.