कॅनन ५० एमएम एफ १.८ एसटीएम: एकट्यादुकट्याला झकास, ग्रुपला जरा बेतानं

ही लेन्स मी जवळजवळ फक्त माणसांसाठीच वापरतो, आणि तेही स्टुडिओ, लाइट स्टँड असला पसारा न मांडता. माणूस खुर्चीत रेलून बसलाय, काहीतरी सांगतोय, मधेच हसतोय आणि तेवढ्यात क्लिक, असले फोटो. त्यामुळे रिव्ह्यू तेवढ्यापुरताच आहे, लँडस्केपला कशी, व्हिडिओला कशी ते मला विचारू नका.

लेन्स २०१५ ची आहे. त्याआधीची १९९० पासून चालत आलेली एफ १.८ टू नावाची लेन्स होती, तिचा माउंट (कॅमेऱ्याला जोडायची कडी) प्लास्टिकचा होता, हिचा मेटलचा आहे, अपर्चरची (उजेड आत घेणाऱ्या छिद्राची) पाती ५ ची ७ झाली आणि गोलसर केली म्हणून मागचे दिवे पंचकोनी न दिसता बऱ्यापैकी गोल दिसतात, जवळचा फोकसही ४५ सेंटीमीटरवरून ३५ वर आलाय. वजन फक्त १६० ग्रॅम. आता हे वजनाचं लोक सोयीसाठी म्हणून सांगतात, पण माझ्या मते खरा फायदा समोरच्याला होतो, कारण मोठी झूम तोंडासमोर आली की बोलका माणूससुद्धा पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखा ताठ होतो, आणि ही एवढीशी लेन्स असली की दोन मिनिटांत तो कॅमेरा विसरून जातो.

दुसरं म्हणजे अंतर. क्रॉप सेन्सरवर (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ही साधारण ८० एमएम सारखी वागते, म्हणजे खांद्यापासून वरचा फोटो दीडेक मीटरवरून होतो, आणि दीड मीटर म्हणजे आपण एरवी एकमेकांशी बोलतो तेच अंतर ना! गप्पा चालू ठेवायच्या आणि अधूनमधून बटण दाबायचं. फुल फ्रेमवर (३५ एमएम फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवर) मात्र तेवढाच चेहरा भरायला मीटरभर अंतरापर्यंत जवळ घुसावं लागतं, मग नाक जरा मोठं दिसायला लागतं आणि माणूस पण नकळत मागे सरकतो. तिथे कमरेपासून वरचा फोटो घ्या, जास्त छान येतो.

एफ १.८ आहे म्हणून कायम एफ १.८ वरच, म्हणजे पूर्ण उघडी ठेवायची हे मला पटत नाही (एफचा आकडा जेवढा मोठा, तेवढं छिद्र लहान आणि शार्प भाग जास्त). क्रॉपवर दीड मीटरला शार्प भाग मिळतो जेमतेम ६ सेंटीमीटर, बोलणारा माणूस मान हलवतो, पुढे वाकतो, एक डोळा शार्प आणि दुसरा गेला. शिवाय पूर्ण उघडी असताना कॉन्ट्रास्ट थोडा कमी असतो आणि उजेडाच्या कडांना जांभळट झाक येते. एफ २.८ ला ठेवा, बॅकग्राउंड तरी पुरेसं विरघळतं आणि चेहरा नीट येतो. आणि डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर फोकस पॉइंट डोळ्यावर आणूनच फ्रेम करा, मधल्या पॉइंटने लॉक करून कॅमेरा फिरवला की एवढ्या कमी डेप्थमध्ये (शार्प भागात) फोकस डोळ्यावरून सटकतोच.

आता ग्रुप. क्रॉपवर पाच-सहा जण ओळीत घ्यायचे तर सुमारे साडेसहा मीटर मागे जायला लागतं. खोलीत एवढी जागा नसते, आणि मोकळ्यावर असली तरी तिथून बोलायचं म्हणजे ओरडायचं, ओरडलं की सगळे सावधान! मग तो रिलॅक्स फोटो राहतच नाही. म्हणून ग्रुपला मी २४ एमएम एफ २.८ ची पातळ, चपटी पॅनकेक लेन्स लावतो, तीन मीटरवरून काम होतं (फक्त कडेला उभ्या माणसाला अगदी फ्रेमच्या टोकाला ढकलू नका, तो रुंद दिसतो). ५० नेच काढायचा असेल तर तिघाचौघांपर्यंत ठीक, एफ ४ किंवा ५.६, चेहरे साधारण एका रेषेत, एक बसलेला एक टेकलेला असं काहीतरी, आणि बर्स्ट (एका दमात बरेच फोटो) ठेवा कारण कोणीतरी डोळे मिटतंच.

स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) नाही. पण माणसांसाठी त्याचं मला फारसं वाटत नाही, हात हलला नाही तरी माणूस हलतोच, त्यामुळे शटरचा वेग १/२०० सेकंदाच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर टाकायचा, थोडा ग्रेन आला तर येऊ दे. मॅन्युअल फोकसची रिंग मोटरवर चालते, कॅमेरा बंद असताना नुसती फिरते, हे नवीन घेणाऱ्यांना माहीत नसतं म्हणून सांगितलं.

आरएफ माउंटचा मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) असेल तर २०२० ची आरएफ ५० एफ १.८ बघा, तीही साधारण १६० ग्रॅमच आहे आणि अडॅप्टर लागत नाही. डोळा ओळखणारा फोकस असलेल्या बॉडीवर तर पॉइंट हलवायची कटकटच जाते, नजर समोरच्यावर ठेवून बोलत राहता येतं. जुनी डीएसएलआर असेल आणि आत्तापर्यंत फक्त किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत आलेली) वापरली असेल तर मात्र हीच घ्या.