काच कंपनीचीच होती, पण दुसऱ्याच गाडीतून उतरवलेली

आमच्या २०१० च्या स्कॉर्पिओची पुढची काच बदलताना बडोद्यात आम्हाला ज्या पद्धतीने फसवलं गेलं, ती पद्धत जुनी गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी म्हणून हे लिहितेय. दुकानाचं नाव देत नाही, प्रकरण तक्रारीत आहे. पण त्या दुकानदाराने सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत थोडं खरं होतं, आणि त्यामुळेच आम्ही आणि आमच्याआधी कितीतरी लोक त्याच्यावर विश्वास ठेवून पैसे देऊन आले असणार. मला राग येतो तो याचा.

मे महिन्यात डभोई रोडने परत येत होते. या रस्त्यावर ओरसंग नदीची वाळू वाहणारे डंपर सतत चालू असतात आणि अनेकांवर ताडपत्रीच नसते. पुढच्या डंपरमधून खडा उडाला आणि काचेवर माझ्या डोळ्यांसमोरच रुपयाच्या नाण्याहून लहान असा चांदणीसारखा टवका पडला. एवढा छोटा टवका रेझिन भरून दुरुस्त होतो, पण तो काचेच्या कडेपासून आणि ड्रायव्हरच्या नजरेच्या रेषेपासून दूर असेल तरच. आमचा नेमका समोर होता. नंतर गाडी कारेलीबागेत घरासमोर भर उन्हात उभी होती. बसल्याबरोबर एसी पूर्ण सोडला आणि टवक्यातून निघालेला तडा बघता बघता डावीकडच्या कडेपर्यंत गेला. काच तापलेली असताना आतून एकदम गार हवा लागली की तडा असा धावतो.

काच खाली पडली नाही, कारण पुढची काच लॅमिनेटेड असते. दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पारदर्शक थर दाबून बसवलेला असतो, तो तुकडे धरून ठेवतो. बाजूच्या खिडक्यांची काच टफन्ड असते, ती फुटली की तिचे बारीक दाणे होतात. पुढे लॅमिनेटेडच काच हवी, हा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० आहे. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि दुकानात गेल्यावर मी पहिला प्रश्न तोच विचारला. त्याने लगेच कोपऱ्यातला शिक्का दाखवला. त्यावर कंपनीचं नाव होतं, लॅमिनेटेड लिहिलेलं होतं, आयएसआयची खूण होती. सगळं खरं. शिक्का बनावट नव्हता, हे पुढे दुसऱ्या गॅरेजमध्येही कळलं.

विम्याचा विषय मीच काढला. आमची पॉलिसी पूर्ण आहे, नुसती थर्ड पार्टी नाही. त्यावर तो म्हणाला, "बेन, पंदर वरसनी गाडी, क्लेममां शुं मळे? अडधा तो घसारामां जाय." म्हणजे गाडी एवढी जुनी की निम्मे पैसे घसाऱ्यातच कापले जाणार, वर कागदपत्रांची कटकट, मग क्लेम कशाला करता? सासरे सोबत होते. त्यांना आम्ही नाना म्हणतो, गाडी त्यांनीच घेतलेली. त्यांनाही ते पटलं, कारण २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी पस्तीस फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या गाडीत पाणी शिरलं होतं, आणि त्या क्लेममध्ये घसारा खरोखरच भरपूर कापला गेला होता.

खरी गोष्ट नंतर शेजारच्या काकांनी सांगितली. ते विमा कंपनीतून निवृत्त झालेत. गाडी दहा वर्षांहून जुनी असेल तर लोखंडी भागांवर पन्नास टक्के घसारा लागतो. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर तर गाडी नवी असली तरी पन्नास टक्के. पण काचेवर घसारा शून्य. गाडी एक वर्षाची असो की पंधरा वर्षांची, काचेचे पैसे घसारा न कापता धरतात. कापले जातात ते सक्तीच्या वजावटीचे पैसे, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण स्वतः भरायची ठरावीक रक्कम. दीड हजार सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला एक हजार रुपये, त्यावरच्या गाडीला दोन हजार. आमचं इंजिन २,१७९ सीसीचं, म्हणजे दोन हजार. शिवाय रबर आणि किरकोळ सामानाचे काही. नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, हा एक विचार करण्याजोगा मुद्दा असतो, पण आमचा तो पुराच्या क्लेमने आधीच शून्यावर आला होता. पुढच्या नूतनीकरणाला मिळणारी वीस टक्क्यांची सूट बुडाली असती इतकंच, आणि तीही फक्त ओडी प्रीमियमवर, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठी भरायच्या हप्त्यावर. जुन्या गाडीचा तो प्रीमियम असतोच किती?

दुकानदाराला हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. रोज काचाच बसवणाऱ्या माणसाला काचेचा घसारा माहीत नसेल? क्लेम झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो, फोटो काढतो, पक्कं बिल मागतो. ते त्याला नको होतं.

त्याने दोन भाव सांगितले. लोकल काच साडेपाच हजार, नवीन कंपनीची नऊ हजार आठशे, फिटिंगसकट. आम्ही कंपनीची घेतली. व्हॉट्सअॅपवर त्याने स्वतः "न्यू ओरिजिनल ग्लास" असं लिहून पाठवलं. पैसे यूपीआयने दिले. बिल म्हणून एक चिठ्ठी मिळाली, त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. पक्कं बिल मागितलं तेव्हा म्हणाला, मग टॅक्स वेगळा लागेल. काम आत शेडमध्ये झालं, तिथे ग्राहकाला उभं राहू देत नाहीत. गाडी बाहेर आल्यावर अर्ध्या तासात न्यायला सांगितलं.

पुढचे काही दिवस गाडीत व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता. फोन केला तर उत्तर, नवीन काचेचा वास आहे. रात्री समोरून हेडलाइट आले की काचेवर वायपरच्या फेऱ्याच्या आकाराच्या बारीक कमानी चमकायच्या. त्यावर उत्तर, कंपनीचं कोटिंग आहे, पुसत राहा, जाईल. करजणच्या अलीकडे भरथाणा टोलनाक्यावर फास्टॅग चालला नाही आणि दुप्पट टोल भरावा लागला. जुन्या काचेवरून टॅग सोलून नव्या काचेवर डकवून दिला होता. तो सोलला की आतली अँटेना तुटते, टॅग मुद्दामच तसा बनवलेला असतो. काच बदलली की टॅग देणाऱ्या बँकेकडून नवा घ्यायचा, हे कुठलाही प्रामाणिक काचवाला आधीच सांगतो.

मग जूनमध्ये पाऊस आला. पहिल्याच मोठ्या सरीत डॅशबोर्डच्या कडेने पाणी उतरून माझ्या पायाखालची मॅट भिजली. गाडी दुकानात नेली तर त्याच्या पोऱ्याने बाहेरून आणखी एक सिलिकॉनची रेघ ओढून दिली. पुढच्या पावसात पुन्हा पाणी आलं, या वेळी वायरिंगजवळ.

तेव्हा गाडी मकरपुऱ्याकडच्या आमच्या जुन्या गॅरेजवाल्या काकांकडे नेली. त्यांनी दार उघडताच विचारलं, सिलिकॉन कुणी लावलंय? आंबट वासाचं सिलिकॉन हे खिडक्या-बाथरूमचं सामान आहे. सुकताना त्यातून अॅसेटिक अॅसिड सुटतं, म्हणून तो वास, आणि तेच अॅसिड पत्र्याला गंज लावतं. त्यांनी रबर बाजूला करून सिलिकॉनचं टोक चिमटीत धरून ओढलं आणि दुधावरची साय निघावी तशी अख्खी पट्टी निघून आली. पीयूने, म्हणजे गाडीच्या काचेला लावायच्या पॉलियुरेथेन गोंदाने, चिकटवलेली काच अशी हाताने निघत नाही. ती तारेने किंवा खास सुरीने कापावी लागते.

काच उतरवून त्यांनी उलटी ठेवली आणि नानांना जवळ बोलावलं. काचेच्या कडेला, काळ्या पट्ट्यावर, जुन्या पीयूचा कडक थर सगळीकडे तसाच होता, तारेने कापल्याच्या खुणांसकट. नवीन काचेवर गोंद असण्याचं कारणच नाही. म्हणजे ही काच आधी एका गाडीत बसवलेली होती, ती कुठेतरी भंगारात निघाली, काच कापून काढली, पॉलिश मारलं आणि आमच्या गाडीत सिलिकॉनने चिकटवली. रात्री चमकणाऱ्या त्या कमानी दुसऱ्याच गाडीच्या वायपरच्या होत्या. काच कंपनीची होती. नवीन मात्र नव्हती, आणि पैसे घेतले होते ते नव्याचे.

चौकटीचा पत्रा बघून तर मला वाईटच वाटलं. आमची मूळ काच काढताना त्यांनी सुरीने रंग खरवडून पार धातूपर्यंत नेला होता आणि तसाच उघडा ठेवला होता. त्यावर नारिंगी गंज चढायला लागला होता. नानांनी ही गाडी पंधरा वर्षं जपली, पुरातून वाचवली. आणि एका माणसाने काही हजारांसाठी तिच्या छताच्या मुळाशीच गंज पेरून ठेवला.

काम कसं व्हायला हवं ते मी या वेळी काकांच्या शेजारी उभं राहून पाहिलं. चौकटीवरचा जुना पीयू पूर्ण खरवडत नाहीत, एक-दोन मिलिमीटरचा थर ठेवतात, नवा पीयू त्यालाच उत्तम धरतो. जिथे ओरखडा गेला असेल तिथे आधी गंज काढून प्रायमर लावतात. काचेच्या कडेचा काळा पट्टा साफ करून त्यावरही प्रायमर. तो काळा पट्टा शोभेचा नाही, त्याच्यामुळे ऊन पीयूपर्यंत पोचत नाही. मग गनने त्रिकोणी आकाराची अखंड धार सोडतात आणि ती सुकायला लागायच्या आत काच बसवून टेप लावतात. पीयू हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो, त्याला तास लागतात. किती वेळाने गाडी चालवणं सुरक्षित आहे ते त्या सिलंटच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. नळीवर मुदतीची तारीखही असते, ती काकांनी न विचारता दाखवली.

आणि हा नुसता गळतीचा प्रश्न नाही. पेस्टिंगची, म्हणजे अशी चिकटवून बसवलेली, काच गाडीच्या सांगाड्याला बळ देते, गाडी उलटली तर छत दबण्याला विरोध करते. ज्या गाड्यांत पुढच्या सीटला एअरबॅग आहे, तिथे अनेकदा ती फुगताना काचेचाच आधार घेते. सिलिकॉनने टेकवलेली काच त्या क्षणी निखळून बाहेर जाईल. माझी मुलगी पुढच्या सीटवर बसते. दुकानदाराने किती पैसे खाल्ले यापेक्षा हे मला जास्त लागलं.

आम्ही त्याच्याकडे फोटो घेऊन गेलो. त्याचं एकच म्हणणं, काच कंपनीची आहे ना? शिक्का बघा. फार बोलल्यावर निम्मे पैसे परत करतो म्हणाला, पण उतरवलेली काच आणून द्या, या अटीवर. आम्ही नाही म्हटलं. दुसऱ्या काचेचा खर्च विम्यातून मिळणार नव्हताच, कारण वाईट फिटिंग हा अपघात नव्हे, आणि मूळ तड्याचा क्लेम काम करण्याआधी कळवून सर्व्हे करून घ्यायला हवा होता. ती संधी त्याच्या त्या एका खोट्या वाक्याने गेली.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. दुकानाने तिथेही तेच उत्तर दिलं, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. अर्जाला चिठ्ठी, यूपीआयची नोंद आणि त्याचा तो व्हॉट्सअॅप संदेश जोडलाय. पक्कं बिल नसलं तरी एवढं हातात असेल तर तक्रार करता येते, गप्प बसू नका.

ज्यांना काच बदलायची आहे त्यांनी ती बसवण्याआधी उजेडात आडवी धरून पाहावी आणि चारही कडांवरून बोट फिरवावं. नव्या काचेची कड स्वच्छ असते, काळ्या गोंदाचा कणही नसतो. शिक्क्याचा फोटो घ्यावा. त्यातला सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आहे ते दिसतं. वर्षासाठी आकडा आणि महिन्यासाठी ठिपके अशी उत्पादनाची खूणही बहुतेक काचांवर असते, प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, तेव्हा दुकानदाराला ती वाचून दाखवायला सांगावी. पण शिक्का फक्त काच कुणी बनवली ते सांगतो. ती मधल्या काळात कुठे होती ते कडेवरून कळतं.

आणि ज्यांनी अलीकडेच काच बसवून घेतली आहे आणि गाडीत आंबट वास येतोय, त्यांनी पाऊस यायची वाट न पाहता दुसऱ्या गॅरेजमध्ये रबर उचलून बघावं. काच उतरवायची वेळ आली तर उतरवतानाचा व्हिडिओ काढावा, गॅरेजकडून दोन ओळी लेखी घ्याव्यात, आणि ती काच कितीही अडचण झाली तरी पहिल्या दुकानाला परत देऊ नये.