पातळ पत्र्यातली भोकं: मॅन्ड्रेल ओढायचा की चुंबकी धक्का द्यायचा?

28 एप्रिल 1988 ला हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 चं छप्पर उडत्या विमानावरून उखडलं. सांध्यातला पत्रा जेमतेम 0.9 मिमीचा, विमानाच्या फेऱ्या 89,680. भेगा रिव्हेटच्या भोकांपासून निघाल्या होत्या. भोकाचा काठ आधीच दाबाखाली असेल तर भेग सहसा लवकर पुढे सरकत नाही. त्यासाठी भोक क्षणभर फुगवायचं. भोवतालचा धातू परत येताना काठ आवळून धरतो. प्रश्न आहे तो फुगवायचं कशाने, एवढाच.

जुनी वाट मॅन्ड्रेलची, म्हणजे भोकातून ओढायच्या दांड्याची. बोइंगमध्ये ती तयार झाली, सिएटलच्या फटीग टेक्नॉलॉजी कंपनीने जगभर नेली. वंगण लावलेली स्प्लिट स्लीव्ह (उभी चीर असलेली पातळ नळी) भोकात घालतात, तिच्यातून निमुळता मॅन्ड्रेल ओढून काढतात. अल्युमिनियममध्ये भोक साधारण 3 ते 5 टक्के फुगतं. मग रीमर (भोक नेमक्या मापाला कातणारं हत्यार) फिरवून माप पक्कं करायचं. काम एकाच बाजूने होतं, हा मोठा फायदा. पण दर भोकाला नवी स्लीव्ह लागते, तिच्या चिरेपाशी बारीक उंचवटा राहतो, आणि मॅन्ड्रेल शिरतो त्या बाजूला दाब कमी भरतो. भोकाची कडाही उचलली जाते. जाड स्पारमध्ये, म्हणजे पंखातल्या मुख्य तुळईत, ती खपून जाते. 1 मिमी पत्र्यात मात्र दोन पत्रे एकमेकांवर नीट बसू देत नाही.

विद्युतचुंबकी पद्धतीत कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज मायक्रोसेकंदांच्या हिशेबात कॉइलमधून सोडतात. पत्र्यात एडी करंट (भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह) उठतात आणि काठ बाहेर रेटला जातो. स्लीव्ह नाही, वंगण नाही, घासणं नाही. कागदावर पातळ पत्र्यासाठी हीच सरस.

अडचण कॉइलची आहे. भोकाच्या भिंतीवर 200 मेगापास्कल दाब हवा असेल तर 22 टेस्लाच्या आसपास चुंबकी क्षेत्र लागतं. दवाखान्यातला एमआरआय 1.5 किंवा 3 टेस्लाचा असतो. पत्र्याला जेवढा धक्का, तेवढाच कॉइलला, आणि 4 मिमीच्या भोकात मावणारी कॉइल ती कितीशी दणकट असणार! म्हणून कॉइल पत्र्यावर ठेवून दुसऱ्या कॉइलच्या क्षेत्राची जोड द्यायची, अशीही एक रचना आहे. धातूही बघावा लागतो: धक्क्याची वारंवारता 10 किलोहर्ट्झ असेल तर 2024 क्रमांकाच्या अल्युमिनियम मिश्रधातूत क्षेत्र साधारण 1.2 मिमी शिरतं, टायटॅनियमच्या 6-4 मिश्रधातूत 6 मिमीहून जास्त. म्हणजे टायटॅनियमच्या पातळ पत्र्यातून ते सरळ आरपार जातं, पत्र्यावर जोर जवळजवळ बसतच नाही.

(विद्युतचुंबकी रिव्हेटिंग वेगळं. त्यात धक्का रिव्हेटवर बसतो, आणि ते कारखान्यांत केव्हाच रुळलंय.)

सेवेतल्या विमानाची दुरुस्ती असेल तर निवड तुमच्या हातात नाहीच: मंजूर दुरुस्ती पुस्तिकेत जे लिहिलंय तेच करायचं. टायटॅनियम किंवा स्टेनलेस असेल तरी मॅन्ड्रेलच. अल्युमिनियमचा पातळ पत्रा, एकाच मापाची शेकडो भोकं आणि स्वतःच्या चाचण्या करायची तयारी असेल, तरच चुंबकी यंत्राकडे वळा. विक्रेता भेटला की भोकांच्या फोटोंआधी त्याला विचारा, एक कॉइल किती धक्के टिकते.