परभणीच्या शिवारात ८×४२ : घरातल्या सर्वांनी वापरलेल्या दुर्बिणीचा अनुभव

दुर्बीण घ्यायला गेले की पहिला प्रश्न 'किती पट?' असा असतो, आणि घेणाऱ्याचे मनही बहुधा मोठ्या आकड्याकडेच ओढ घेते. मी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेली दुर्बीण ८×४२ प्रकारची, सरळ नळ्यांची आहे. पावसाळा आणि हिवाळा असे दोन ऋतू पूर्ण आणि उन्हाळ्याचा बराचसा भाग ती वापरून झाल्यावर माझे मत असे झाले आहे की, ज्या घरात एकच दुर्बीण आजोबांपासून नातवंडांपर्यंत हातोहात फिरणार आहे, त्या घराने पट वाढवण्याचा मोह टाळावा आणि दृश्य किती स्थिर राहते, किती उजळ दिसते व किती लवकर सापडते, हे आधी पाहावे. कंपनीचे नाव मी येथे देत नाही. पंधरा हजार रुपयांच्या आतल्या या वर्गात एकाच घडणीच्या दुर्बिणी वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात, त्यामुळे नावापेक्षा तिच्यावरचे आकडे समजून घेणे जास्त उपयोगाचे आहे.

आठ हा आकडा पटीचा. ऐंशी मीटरवरचा पक्षी दहा मीटरवरून पाहिल्यासारखा दिसतो. बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. बेचाळिसाला आठाने भागले की ५.२५ येतात, आणि तितक्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यात उतरतो. १०×४२ मध्ये हाच झोत ४.२ मिलिमीटरचा होतो. भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकसलेली असते, त्यामुळे उन्हात दोन्ही दुर्बिणी सारख्याच उजळ वाटतात. दिवस मावळताना मात्र बाहुली मोठी होते आणि फरक तिथे कळतो. तरुणपणी अंधारात बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडू शकते, तर वयोमानाप्रमाणे ती कमी उघडत जाते. म्हणजे माझ्या वडिलांच्या डोळ्यांना पाच मिलिमीटरपेक्षा मोठा झोत देऊन फारसा लाभ नाही, आणि त्याहून लहान झोत दिला तर संध्याकाळी मुलांचे नुकसान आहे. दोघांच्या मधला हा आकडा आमच्या घराला बरोबर लागू पडला. एक किलोमीटर अंतरावर सुमारे १३० मीटर रुंदीचे शिवार या दुर्बिणीत मावते, आणि नवख्या माणसाला झाडातला पक्षी चटकन सापडतो तो या रुंदीमुळेच.

आमचे शेत जिंतूर तालुक्यात आहे आणि आम्ही राहतो परभणीत. शनिवार-रविवारी आखाड्यावर जायचे, पांदणीने बांधाबांधाने हिंडायचे आणि दिवस मावळल्यावर परतायचे, असा आमचा जुना शिरस्ता आहे. श्रावणात आमच्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लागतात. ती आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो होतो, पण विहिरीच्या या कडेला बसून दुर्बिणीतून पाहिले तेव्हा घरटे विणण्याचे सगळे काम समोर उलगडले. पिवळ्या डोक्याचा नर गवताच्या किंवा उसाच्या पानाची लांबट पट्टी चोचीत घेऊन येतो, एका पायाने ती फांदीशी दाबून धरतो आणि चोचीने तिचे टोक मागच्या बाजूने ओढून घेतो. मग तेच टोक पुन्हा पुढून आत खोवतो. पट्टी निसटली तर ती सोडून देऊन नवी आणायला जातो. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दुर्बीण हातात दिली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि नंतर डोळ्यांवरची दुर्बीण न काढताच म्हणाले, "अरे, पाय कसा लावायलाय बघ त्यो." सत्तर पावसाळे ज्या विहिरीवर काढले, तिथल्या पाखराचा पाय त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा इतका जवळून पाहिला.

नर घरटे आधी अर्धेच विणतो, टोपीच्या आकाराचे. मादी येऊन ते तपासते, आणि तिला पसंत पडले तरच तो खालची नळी पूर्ण करतो. घरट्याच्या आतल्या बाजूला ओल्या मातीचे लेप देतात, तेही उन्हाचा कोन जुळला की या दुर्बिणीतून दिसतात. माझी मुलगी आता सहावीत आहे. कोणत्या घरट्यापाशी मादी थांबली आणि कोणत्या घरट्यावरून उडून गेली, याची तिने वहीत नोंद ठेवली. एखादे काम इतक्या चिकाटीने करताना मी तिला क्वचितच पाहिले आहे, आणि या खरेदीतून मला जे हवे होते ते बव्हंशी तिथेच मिळाले.

एक दुर्बीण अनेकांनी वापरायची म्हणजे प्रत्येकाला ती आपापल्या डोळ्यांना बसवून घ्यावी लागते. मधल्या बिजागरीने दोन नळ्यांतील अंतर जुळवायचे, उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यापुरते दृश्य स्पष्ट करायचे, आणि मग डावा डोळा झाकून उजव्या नळीवरची डायऑप्टरची, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारी, कडी फिरवायची. हे एकदा शिकवले की पुढे कोणी अडत नाही. आबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असून ते चष्मा लावतात. चष्म्यासह पाहणाऱ्याला डोळा भिंगापासून थोडा दूर ठेवावा लागतो, आणि त्या अंतरावरूनही पूर्ण वर्तुळ दिसायला हवे. या दुर्बिणीत ते अंतर १७ मिलिमीटर आहे, म्हणून मागचे रबरी कप आत फिरवून घेतले की त्यांना कडेपर्यंत सगळे दिसते. घरात कोणी चष्मा लावत असेल, तर १५ मिलिमीटरपेक्षा कमी अंतराची दुर्बीण घेऊच नये, असे मी आग्रहाने सांगेन.

औंढा नागनाथ, चारठाणा आणि वेरूळ या तीन ठिकाणी दुर्बिणीचा जो उपयोग झाला, त्याचा मी घेताना विचारही केलेला नव्हता. देवळात किंवा लेण्यांत आपण माणसाच्या उंचीपर्यंतचीच शिल्पे नीट पाहतो आणि वरची तशीच सोडून देतो. औंढ्याला मंदिराच्या बाहेरून प्रदक्षिणा घालताना खालच्या थरांतील कोरीव मूर्ती आणि नंतरच्या काळात उभारलेला वरचा भाग यांतील फरक दुर्बिणीतून इतका स्पष्ट झाला की, मुलीला वेगळे समजावून सांगावे लागले नाही. चारठाण्याच्या उंच दगडी स्तंभावरील नक्षी खाली उभे राहून नुसत्या डोळ्यांनी पुरती वाचता येत नाही, ती आता वाचता आली.

वेरूळला सोळाव्या लेण्याच्या बाजूने डोंगरावर चढून गेले की कैलास मंदिर खाली दिसते. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात वरून खाली खोदत आणलेल्या या मंदिराच्या मंडपाच्या छतावर फुललेले कमळ आहे आणि त्यावर चार सिंह आहेत. वरून पाहताना त्यांच्या आयाळी, उचललेले पंजे आणि छिन्नीच्या खुणा पाहण्यात आमची दुपार गेली. दहाव्या लेण्यातील चैत्यगृहाचे छत लाकडी वाशांप्रमाणे दगडात कोरलेले आहे आणि आत उजेड बेताचाच असतो. मित्राकडे १०×२५ ची खिशात मावणारी दुर्बीण होती. तिचा प्रकाशझोत अडीच मिलिमीटरचाच भरतो, त्यामुळे त्या छताकडे पाहताना ती काळोखी वाटत होती आणि आमच्या दुर्बिणीत वाशांच्या कडा मोजता येत होत्या. वजनाच्या बाबतीत मात्र त्या छोट्या दुर्बिणीची सर हिला येत नाही. आमची सुमारे ७०० ग्रॅमची आहे आणि चढताना ती मानेला जाणवते.

हिवाळ्यात आम्ही पैठणला नाथसागरावर गेलो. गोदावरीवरील जायकवाडी धरणाचा हा जलाशय सुमारे ५५ किलोमीटर लांब असून १९८६ पासून तो पक्षी अभयारण्य आहे. पाणी जसजसे मागे हटते तसतसा गाळाचा उथळ पट्टा उघडा पडतो आणि पक्षी तिथे चरायला उतरतात. चक्रवाकांची जोडी आणि चित्रबलाकांचे गुलाबी शेपटीचे थवे या दुर्बिणीने सहज ओळखता आले. पट्टकादंब हंसांच्या पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे पाहण्यासाठी मुलीने बराच वेळ धीर धरला. हे हंस मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात, हे तिला पाठ्यपुस्तकातून माहीत होते, आणि आता ते डोळ्यांसमोर पाण्याच्या कडेला गवत खुडत होते. मात्र गाळाच्या दूरच्या टोकाला धावणारे छोटे तुतारी पक्षी या दुर्बिणीतून केवळ ठिपके वाटतात आणि त्यांच्या जाती सांगता येत नाहीत. त्या कामाला तिवईवर बसवलेली, वीस ते साठ पटींची एकनळी दुर्बीणच हवी. एका सोबत्याकडची १२×५० मी तिथे हातात धरून पाहिली. चित्र मोठे होते, पण वारा वाहत असताना ते इतके थरथरत होते की हंसांच्या डोक्यावरचे पट्टे मला माझ्या आठ पटींतच जास्त चांगले दिसले.

शेतावर रात्री मुक्काम केला की दुर्बीण आकाशाकडे वळते. जिंतूरच्या बाजूला खेड्यांत अजून अंधार शिल्लक आहे. कृत्तिकांमध्ये नुसत्या डोळ्यांनी सहा-सात तारे दिसतात, आणि दुर्बीण लावली की त्यांची संख्या काही डझनांवर जाते. माझ्या पत्नीला पक्ष्यांपेक्षा हाच भाग जास्त आवडतो. गुरूचे चार मोठे चंद्र गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये सुमारे वीस पटींच्या दुर्बिणीतून पाहिले होते. आठ पटींत ते दिसतात, पण त्यासाठी दुर्बीण अजिबात हलता कामा नये. आम्ही कोपरे गच्चीच्या कठड्यावर टेकवतो आणि दोन श्वासांच्या मधल्या थांब्यात पाहतो. ओळीने तीन बारीक ठिपके दिसले, तेव्हा चौथा गुरूच्या पुढे किंवा मागे गेलेला असावा, हे मुलीने आपण होऊन सांगितले. दिवसा मुलांच्या हाती दुर्बीण देताना ती चुकूनही सूर्याकडे वळणार नाही, हा आमच्या घरातला कडक नियम आहे, कारण डोळ्याला होणारी इजा कायमची असते.

आता उन्हाळ्याविषयी. मराठवाड्यात चैत्र-वैशाखात काळे रान तापले की सकाळी दहानंतर जमिनीलगतची हवा लहरू लागते आणि दूरचा पक्षी पाण्याखाली असल्यासारखा डुलताना दिसतो. हा दोष भिंगाचा नसून थरांथरांनी तापलेल्या हवेचा आहे. पट जितकी जास्त, तितके हे लहरणेही मोठे होऊन दिसते, त्यामुळे आपल्याकडे उन्हाळ्यात मोठ्या पटीचे पैसे दुपारी तरी वाया जातात. सूर्योदयापासून दोन-तीन तास आणि सायंकाळचा शेवटचा तास हीच पाहण्याची वेळ. आबा त्या वेळी आखाड्यासमोर बाजेवर बसून नांगरटीत उतरलेल्या काळविटांच्या कळपावर नजर ठेवतात. पूर्वी ते कळप पाहून हाकारे घालत. आता आधी दुर्बीण लावतात, आणि कळपात पाडस असेल तर हाकारा घालायला मुद्दाम उशीर करतात.

धूळ हा इथला मोठा शत्रू आहे. भिंगावर धूळ बसली असताना ती सदऱ्याच्या टोकाने पुसली, तर मातीतील कठीण कण भिंगावरच्या पातळ लेपाला चरे पाडतात. म्हणून आम्ही आधी रबरी फुग्याने हवा मारतो, मग मऊ ब्रश फिरवतो आणि अगदी शेवटी भिंगाच्या कापडाने हलकेच पुसतो. नळ्यांत नायट्रोजन भरलेला असल्याने पावसाळ्यात आतून वाफ धरली नाही. तरीही पिशवीत सिलिका जेलची पुडी ठेवावी, कारण दमट जागेत भिंगावर बुरशी वाढली की ती काढणे अवघड असते. उन्हात बंद मोटारीत दुर्बीण कधीही ठेवू नये.

तक्रारी तीन आहेत. डायऑप्टरची कडी सैल असून पिशवीत घासली की आपोआप फिरते. मी कडीवर आणि नळीवर पांढऱ्या रंगाची बारीक खूण केली आहे, त्यामुळे माझा आकडा पुन्हा जुळवायला क्षणभरच लागतो, पण या किमतीत कडीला खटका असायला हवा होता. सोबत आलेला पट्टा अरुंद होता आणि तो मानेत रुतायचा, म्हणून दोन्ही खांद्यांवर वजन घेणारा पट्टा वेगळा विकत घ्यावा लागला. तो मिळाल्यापासून दिवसभर हिंडतानाही दुर्बीण जड वाटत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे, उन्हाळा सुरू होताच बिजागरीजवळ बाहेरच्या रबराची कड सुटू लागली. हमीच्या मुदतीत ती दुरुस्तीला दिली, आणि परत यायला अपेक्षेपेक्षा खूपच जास्त वेळ लागला. काम मात्र चांगले झाले असून कड पुन्हा सुटलेली नाही.

धाकटा मुलगा पहिलीत आहे आणि त्याची अडचण वेगळी आहे. ही दुर्बीण पूर्ण मिटवली तरी दोन नळ्यांच्या मध्यांतील अंतर ५६ मिलिमीटरच्या खाली जात नाही. त्याच्या डोळ्यांतील अंतर त्याहून कमी असल्यामुळे त्याला दोन वर्तुळे वेगळीच दिसतात आणि तो एका डोळ्याने पाहून दुर्बीण परत देतो. लहान मुलांसाठी घेणाऱ्यांनी दुकानात हा आकडा आवर्जून विचारावा आणि मुलाला सोबत नेऊन त्याच्या डोळ्यांना लावून पाहावे. सहा पटींच्या, ३० मिलिमीटर भिंगाच्या काही दुर्बिणी ५० मिलिमीटरपर्यंत मिटतात आणि वजनालाही हलक्या असतात. येत्या श्रावणात बाभळीला पुन्हा घरटी लागण्याआधी त्याच्यासाठी तशी एखादी घेण्याचा आमचा विचार आहे.