बीबीए सीए की बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स?

बारावीनंतर पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत हा प्रश्न हमखास पडतो. (इथे सीए म्हणजे कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन, चार्टर्ड अकाउंटंट नव्हे.) दोन्हीकडे सी, डेटाबेस आणि जावा आहेच. फरक आहे तो त्यांच्या सोबतीला असलेल्या विषयांत.

बीएस्सीला गणित, इलेक्ट्रॉनिक्स, संख्याशास्त्र. बीबीए सीएला अकाउंट्स, व्यवस्थापन. कॉमर्सची मुलं अकाउंट्सकडे ‘हे तर येतंच’ म्हणून दुर्लक्ष करतात, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. साधा विक्री-परतावा घ्या. गिऱ्हाइकाने माल परत केला की क्रेडिट नोट (रक्कम वजा केल्याची पावती) निघते, साठा वाढतो, खात्यावरची येणे रक्कम घटते, जीएसटीही कमी होतो. ही साखळी ज्याला कळते तो बिलिंग सॉफ्टवेअरचे टेबल (डेटाबेसमधले नोंदींचे तक्ते) नीट आखतो. जुनं बिल सरळ खोडून टाकायचं नसतं, हे त्याला सांगावं लागत नाही.

पण त्याच टेबलवरची क्वेरी, म्हणजे माहिती शोधायची आज्ञा, लाखो नोंदींवर रखडली, तर इंडेक्स (नोंद चटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) आतून कसा चालतो हे बीएस्सीवाल्याला सहसा जास्त कळतं. अल्गोरिदम किंवा डेटा सायन्सकडे ओढा असेल तर बीएस्सीच घ्या.

प्रवेशाचंही बघा: २०२४पासून एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यतेच्या बीबीए, बीसीएसाठी राज्याची सीईटी आहे.

पुढे एमसीए (कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशनची पदव्युत्तर पदवी) करायचं असेल तर बारावीला किंवा पदवीला गणित असलेलं बरं. बारावीला गणित सोडलेल्यांनी बीबीए सीए घेण्याआधी अभ्यासक्रमात ते आहे का, हे कॉलेजात विचारावंच. ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) किंवा बिझनेस अ‍ॅनालिस्टचं काम करायचं असेल, तर माझं मत बीबीए सीएला.